पलीकडचे दिवे

आज आम्ही तुमच्याशी मुंबईबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, मुंबई कुणाला माहीत नाही? खरं आहे. पण आपल्या रायगडच्या किनाऱ्याने मुंबई जशी पाहिली, तशी ती कुणीच पाहिलेली नाही. रेवस, मांडवा, सासवणे, किहीम या बाजूला रात्री जेवणं आटोपून किनाऱ्यावर जाऊन उभं राहिलं, की पाण्यापलीकडे दिव्यांची रांग दिसते. लहानपणी आम्हाला वाटायचं, तिकडे रोजच दिवाळी असते.

हा विषय निघाला आमच्या बचत गटाच्या मासिक बैठकीत. हप्ते जमा झाले, इतिवृत्त लिहून झालं आणि कुणीतरी म्हणालं, "आपण सगळ्याजणी एकदा मुंबई बघायला जाऊ या ना." कुणी औषधपाण्यासाठी जाऊन आलेल्या, कुणी नणंदेच्या लग्नाला, कुणी मुलाला नोकरीला सोडायला. पण नुसती मुंबई बघायला म्हणून कुणीच गेलेलं नव्हतं. सगळ्यांनी हात वर केले. मांडव्याहून बोटीने जायचं, गेटवेला उतरायचं, असा बेत ठरला. तेवढ्यात गटातल्या सर्वांत थोरल्या आजी, वय ऐंशीच्या घरातलं, शांतपणे म्हणाल्या, "मुंबई बघीन गो बाय. पन मना नको ती बोट."

त्या असं का म्हणाल्या, ते पुढे सांगतो. पण त्या एका वाक्यामुळे आम्ही सहलीआधी इतिहास धुंडाळायला बसलो. ग्रंथालयातून पुस्तकं आणली, जुन्या माणसांना विचारलं. त्यातून हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट कळली ती अशी, की एके काळी नजर उलट दिशेने लागलेली होती. आपण मुंबईकडे पाहत नव्हतो, मुंबई आपल्याकडे पाहत होती, आणि तीही घाबरून. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईतल्या इंग्रजांची झोप उडाली, कारण खांदेरी म्हणजे मुंबईच्या दारातच. त्यांनी आरमार पाठवून बांधकाम रोखायचा प्रयत्न केला, पण किल्ला उभा राहिला. पुढे अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावरून कान्होजी आंग्र्यांनी या समुद्रावर हुकमत चालवली. चार्ल्स बून नावाचा गव्हर्नर मुंबईत आला, त्याने शहराभोवती तट घातला, गलबतं बांधली. १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला, तो फसला. १७२१ मध्ये पोर्तुगिजांना सोबत घेऊन कुलाबा किल्ल्यावर चालून आले, तेही परत गेले.

मुंबईत आज ज्या भागाला फोर्ट म्हणतात, तिथला तो तट १८६० नंतरच्या काळात पाडला गेला. नाव मात्र राहिलं. पुढच्या वेळी फोर्टातून चालाल तेव्हा लक्षात ठेवा, हे नाव ज्या तटावरून पडलं, तो आपल्या किनाऱ्याच्या धाकाने उभा राहिला होता.

नावाचा आणखी एक घोळ आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा आहे. मुंबईतही कुलाबा आणि इकडेही कुलाबा. आपल्या जिल्ह्याचं नावच कुलाबा होतं. १ जानेवारी १९८१ पासून ते रायगड झालं. आमच्या आईवडिलांच्या शाळेच्या दाखल्यांवर अजून 'जि. कुलाबा' असंच लिहिलेलं आहे, आणि मुंबईच्या कचेरीत तो दाखला दाखवला की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे इथलंच कुलाबा ना?"

१८४० मध्ये आंग्र्यांचं संस्थान इंग्रजांनी खालसा केलं. गंमत अशी, की साधारण त्याच सुमाराला मुंबईत लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य नावाच्या मराठी माणसाने एक धक्का बांधला. लोक त्यांना भाऊ म्हणत, म्हणून तो भाऊचा धक्का. त्याआधी ओहोटीच्या वेळी बोटीतून उतरलेल्यांना चिखल तुडवत, नाहीतर कुणाच्या तरी पाठुंगळीला बसून किनारा गाठावा लागे. बायकांची काय तारांबळ होत असेल, कल्पना करा. नेसूचं लुगडं सांभाळायचं, कडेवरचं पोर सांभाळायचं, की डोक्यावरचं बोचकं? भाऊंच्या धक्क्याने कोरड्या पायांनी मुंबईत उतरायची सोय झाली. आमच्या लेखी मुंबईतलं ते पहिलं प्रेक्षणीय स्थळ!

भाजी, भात, मासळी, मीठ, लाकूडफाटा, सगळं या खाडीतून पलीकडे गेलं. आपला पांढरा कांदा, त्याला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तोही माळा विणून तिकडेच जायचा. आणि मालाबरोबर माणसंही गेली. आपल्या गावांतून तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्रायली लोक होते. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवारतेली म्हणत. त्यांच्यातले कितीतरी मुंबईला गेले. त्यांच्यातल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. आडनावावरूनच कळतं, की घराण्याचं मूळ आपल्या दिवेआगरचं. मशीद बंदर स्टेशनचं नाव त्याच प्रार्थनामंदिरावरून पडलं असं सांगतात. म्हणजे लोकलमध्ये रोज ज्या स्टेशनाचं नाव घेतात, त्यातही आपल्या किनाऱ्याचा एक धागा आहे.

मग गिरण्या आल्या. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिली कापडगिरणी काढायचं ठरवलं, १८५६ मध्ये ती सुरू झाली. त्यानंतर कोकणातल्या घराघरांतून एकेक माणूस पलीकडे गेला. तो गणपतीला आणि शिमग्याला परत यायचा तेव्हा पेटीतून काय आणायचा? साबण, आरसा, पोरांना खेळणं आणि मुंबईच्या गोष्टी. आपल्या पणज्यांनी मुंबई आधी कानांनी पाहिली, मैत्रिणींनो, डोळ्यांनी फार नंतर.

त्या गोष्टींत काय काय असायचं? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. बैल नाही, घोडा नाही आणि गाडी चालते, हे खरं वाटायला लोकांना वेळ लागला. दहाच वर्षांनी, १८६३ मध्ये, गोविंद नारायण माडगांवकरांनी 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक लिहिलं. मुंबई कशी आहे, हे मराठीत पुस्तकभर सांगावं असं वाटण्याइतकी ती तेव्हाच नवलाची झाली होती. ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम सुरू झाली. १८७८ मध्ये बोरीबंदरच्या मोठ्या स्टेशनाचं काम सुरू झालं आणि पुरं व्हायला दहा वर्षं लागली. दगडात कोरलेले मोर, माकडं, पानं, फुलं बघत लोक आपली गाडी चुकवत असतील, असं आम्हाला ते पाहताना वाटलं. क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्ये बांधून झालं आणि १८८२ मध्ये तिथे विजेचे दिवे लागले. भाजी विकायला गेलेल्या आपल्या कुणा पणजीने पहिल्यांदा विजेचा दिवा पाहिला असेल, तर तो त्या मंडईतच. ती मंडई आज महात्मा जोतिबा फुल्यांच्या नावाने ओळखली जाते.

आता एक अशी गोष्ट, जी आम्हालाही नवी होती. अलिबागला समुद्राजवळ चुंबकीय वेधशाळा आहे. शाळेची सहल जाते, पोरं फाटकाबाहेरून बघतात आणि परत येतात. ती वेधशाळा अलिबागला का आली? तर मुंबईच्या ट्राममुळे!

पृथ्वीच्या चुंबकशक्तीची मोजणी आधी मुंबईच्या कुलाब्यात होत असे. १८४१ पासून तिथे नोंदी ठेवल्या जात होत्या. पुढे शहरात विजेची ट्राम आणायचं ठरलं. विजेचा प्रवाह रुळांतून वाहू लागला, की इतक्या नाजूक उपकरणांचे काटे हलणार, मोजणी बिघडणार. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस. या पदावर आलेले ते पहिले भारतीय. त्यांच्या देखरेखीखाली अलिबागला नवी वास्तू उभी राहिली. लोखंडाने मोजणीत चूक होते, म्हणून ती बांधताना चुंबकाला न ओढणारा दगड खास पोरबंदरहून आणला. १९०४ मध्ये अलिबागला नोंदी सुरू झाल्या. दोन्ही ठिकाणच्या नोंदींचा मेळ बसावा म्हणून १९०६ पर्यंत त्या दोन्हीकडे घेतल्या. मग ७ मे १९०७ ला मुंबईत विजेची ट्राम धावली. लोकांनी दुतर्फा उभं राहून ती पाहिली. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली आणि तो खेळ संपला. ट्राम गेली, पण अलिबागची वेधशाळा आजही रोजची नोंद करते आहे.

ही गोष्ट आम्हाला फार आवडली, कारण मुंबईत एक म्हण रुळली आहे, "अलीबागसे आया क्या?" म्हणजे काय, येडा आहेस का? मुंबईत शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींनी हे ऐकलेलं असतं आणि घरी सांगितलेलं नसतं. ही म्हण बंद करावी म्हणून एक जण उच्च न्यायालयातही गेले होते. २०१९ मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. अशी गंमत सगळ्याच समाजांबद्दल होते, ती अपमान म्हणून घेऊ नका, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. ठीक आहे. पण आता कुणी असं म्हणालं, तर आपल्या लेकींनी उत्तर द्यावं, "हो, अलिबागहून आले. तुमच्या मुंबईत जी मोजणी नीट होईना, ती शंभर वर्षांहून जास्त काळ आमच्याकडे होते आहे."

आता आजींची गोष्ट.

१७ जुलै १९४७. गुरुवार. दुसऱ्या दिवशी सण नव्हता, पण आषाढातली अवस होती, जिला आपण गटारी म्हणतो. त्या दिवशी घरी पोचायची प्रत्येक चाकरमान्याला ओढ. पावसाळी सकाळ. आठच्या सुमारास 'रामदास' नावाची आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. नेहमीची बोट, नेहमीची वाट. आतमध्ये नोकरदार, व्यापारी, डोक्यावर रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या कोळणी, लेकरंबाळं. बंदराबाहेर आल्यावर वारा आणि पाऊस वाढला. लाटा आत येऊ लागल्या तशी माणसं एका बाजूला सरकली आणि बोट कलंडली. काशाच्या खडकाजवळ काही मिनिटांत ती बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्य एका महिन्यावर आलं होतं. ते लोक ते पाहू शकले नाहीत.

बोटीवरून संदेश पाठवायची सोय नव्हती. मुंबईत बातमी कळायला दुपार झाली, तीही पोहून किनारा गाठलेल्या एका लहान पोराकडून. जुनी माणसं सांगतात, रेवसकडचे कोळी मासळी घेऊन मुंबईकडे निघाले होते. त्यांनी पाण्यात माणसं पाहिली, तेव्हा होडीतली मासळी समुद्रात ओतून दिली आणि माणसं भरून घेतली. दिवसाची कमाई पाण्यात टाकायची म्हणजे काय, हे पाटी विकणाऱ्या बाईला सांगायला नको.

आजी तेव्हा दोन वर्षांच्या होत्या. त्यांचे वडील गोदीत कामाला होते. ते त्या बोटीत होते. देह सापडला नाही. आजी सांगतात, त्यांच्या आईने कितीतरी दिवस कुंकू पुसलं नाही, कारण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कसं मानायचं? रोज संध्याकाळी ती बंदरावर जाऊन बसायची.

मग १५ ऑगस्ट आला. तो दिवस पुन्हा अमावास्येच्या तोंडाशी आला होता. रामदास बुडाली त्याला बरोबर एक चांद्रमास होत होता. त्या रात्री मुंबई दिव्यांनी नटली होती. मोठमोठ्या इमारतींवर रोषणाई, रस्त्यांवर माणसांचा महापूर, ट्रामच्या टपावर बसलेली माणसं, सगळी रात्र जागी. आपल्या बाजूची माणसंही किनाऱ्यावर गेली होती, पाऊस उघडला की पलीकडचा उजेड दिसायचा म्हणून. आजीची आई त्या रात्री बंदरावर गेली नाही. रोज जाणारी बाई त्याच दिवशी घरात बसून राहिली. आजी म्हणतात, "आय सांगायची, त्या राती पल्याडचा उजेड मना बगवला नाय."

हे ऐकून बैठकीत कुणी बराच वेळ बोललं नाही. स्वातंत्र्याचा आनंद खोटा होता असं नाही. पण एकाच पाण्याच्या एका काठावर दिवाळी असू शकते आणि दुसऱ्या काठावर सुतक, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

दिव्यांचीच आणखी एक गोष्ट. घारापुरी बेट आपल्या उरण तालुक्यात येतं. गेटवेहून साधारण दहा किलोमीटर. जगभरातून लोक तिथली लेणी पाहायला येतात, १९८७ मध्ये ती जागतिक वारसा झाली. पण बेटावरच्या राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर या तीन गावांत कायमची वीज कधी आली, माहीत आहे? फेब्रुवारी २०१८ मध्ये. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकून ती आणली. त्याआधी संध्याकाळचे काही तास जनरेटर चालायचा, मग अंधार. समोर आख्खी मुंबई लखलखत होती आणि इथल्या मुलींनी कंदिलात अभ्यास केला. दिवे दिसणं आणि दिवे असणं यात किती अंतर असतं, ते घारापुरीच्या बायकांना विचारावं.

आता सहलीचं सांगतो. आजींसाठी आम्ही बेत बदलला. मिनीबस ठरवली आणि रस्त्याने निघालो. १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालेल्या अटल सेतूवरून गेलो. जवळजवळ बावीस किलोमीटरचा पूल, त्यातला बहुतेक भाग समुद्रावर. पुलावर गाडी थांबवायला मनाई आहे. आजी खिडकीशी बसल्या होत्या, दोन्ही बाजूंचं पाणी बघत. एकदाच बोलल्या, "तवा यो असता तं." बस्स, एवढंच.

मुंबईत आम्ही जे जे ठरवलं होतं ते सगळं पाहिलं. बोरीबंदरच्या स्टेशनासमोर उभं राहून मान दुखेपर्यंत वर पाहिलं. राणीच्या बागेत गेलो. म्हातारीच्या बुटात चढायची हौस दोघीतिघींनी भागवून घेतली. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून घरून नेलेल्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी खाल्ली, आणि शेजारी बसलेल्या कॉलेजच्या पोरींनी वासाने वळून पाहिलं तेव्हा त्यांनाही दिली. त्यांनी चाटूनपुसून खाल्ली.

गेटवेजवळ आम्ही एकमेकींना त्याचा इतिहास सांगितला. १९११ मध्ये इंग्लंडचे राजा-राणी इथे उतरले तेव्हा ही कमान बांधलेली नव्हती, स्वागताला नुसता देखावा उभा केला होता. खरी कमान ४ डिसेंबर १९२४ ला खुली झाली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची फौज याच कमानीखालून बोटीत बसून गेली. राजाच्या स्वागतासाठी बांधलेलं दार, चोवीस वर्षांच्या आत त्याच्या सैन्याला निरोप द्यायच्या कामी आलं. आमच्यातली एक म्हणाली, "माहेरच्या दारासारखंच की. येतानाचं कौतुक वेगळं, जातानाचं वेगळं."

पण आम्हाला सगळ्यांत जास्त पाहायचं होतं ते गिरगाव. तिथे १५ मार्च १९५९ ला सात बायकांनी एका चाळवजा इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच आजचं लिज्जत. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या गटाचं पहिल्या महिन्याचं भांडवल त्यांच्यापेक्षा जास्त होतं, हे लक्षात आल्यावर आम्ही एकमेकींकडे बघून हसलो, आणि मग जरा गप्पही झालो. मुंबईची जादू म्हणतात ती आम्हाला उंच इमारतींपेक्षा इथे जास्त जाणवली. बाहेरून आलेल्या बाईला या शहराने राबवलं खूप, पण तिच्या हातात तिचे पैसेही ठेवले.

परत निघायच्या आधी आजी म्हणाल्या, "मना भाऊच्या धक्क्याव न्या." आम्ही गेलो. मासळीचा वास, गर्दी, हातगाड्या, आरडाओरडा. जुना धक्का आणि आजचा धक्का यात खूप फरक पडला आहे, पण बोट रेवसकडे अजून इथूनच सुटते. १५ मार्च २०२० पासून इथून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोटही जाते. आजींनी पदराला बांधलेली फुलं सोडली, नारळ काढला आणि पाण्यात सोडला. त्यांच्या वडिलांच्या नावाने इतक्या वर्षांत पाण्यावर काही वाहिलेलं नव्हतं, कारण त्यांच्या आईने ते कधी करू दिलं नव्हतं.

आम्हाला वाटलं, आता आजी म्हणतील चला बोटीने जाऊ. तसं काही झालं नाही. त्या बसने रस्त्यानेच परत आल्या, चौघीजणी त्यांच्या सोबत. बाकीच्या आम्ही रो-रोने आलो. जाकीट कुठे आहे ते आधी विचारलं, नीट पाहिलं, मग बसलो. तुम्हीही विचारत जा, लाजू नका. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला जाणाऱ्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि माणसं गेली, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं आहे. रामदासपासून आजपर्यंत पाणी तेच आहे.

बोट मांडव्याला लागत होती तेव्हा अंधार पडला होता. सवयीने मागे वळून मुंबईचे दिवे पाहिले. आणि मग पुढे पाहिलं, तर आपल्या किनाऱ्यावरही दिव्यांची रांग! बंगल्यांचे, हॉटेलांचे, रिसॉर्टचे दिवे. आम्ही लहान होतो तेव्हा इथे नारळीपोफळीच्या वाड्या होत्या आणि रात्री काळोख असायचा.

मैत्रिणींनो, आज हे सगळं सांगायचं खरं कारण हे आहे. इतकी वर्षं आपण मुंबई बघायला पलीकडे जात होतो. आता मुंबईच इकडे येते आहे. पूल झाला, रो-रो झाली, तास-दीड तासात माणूस येतो, समुद्र बघतो आणि म्हणतो, ही जागा किती सुंदर! त्यात वाईट काही नाही. पण त्याच्या पाठोपाठ जमिनीचे व्यवहार येतात. आमच्याच गटातल्या एका बाईला भावांनी बोलावलं, माहेरी जेवायला घातलं, साडीचोळी केली आणि कागदावर सही करायला सांगितली. तिने वाचायला मागितलं तर म्हणाले, "घरातलंच आहे, वाचायचं काय त्यात?" ते हक्कसोडपत्र होतं. ती सही न करता परत आली. आजही भाऊ तिच्याशी बोलत नाहीत, आणि ते दुःख तिला आहे. पण वडिलांच्या जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, हा कायदा आपल्या राज्यात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून आहे. हक्क सोडायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण काय सोडतो आहोत, ते वाचल्याशिवाय सही करू नये. वाचता येत नसेल तर गटात घेऊन या. आम्ही मिळून वाचू.

मुंबई सुंदर आहे. आम्ही ती पाहिली आणि आम्हाला ती आवडली, हे आम्ही मोकळेपणी सांगतो. पण तिच्या दिव्यांनी डोळे दिपले, की आपण कशावर उभ्या आहोत ते दिसेनासं होतं. खांदेरीकडे पाहा. ज्या बेटाचा इंग्रजांना धाक होता, त्यावर पुढे त्यांनीच १८६७ मध्ये दीपस्तंभ उभा केला. २०२५ मध्ये खांदेरीचं नाव मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तो दिवा आपल्याच किनाऱ्यावरचा आहे, आणि मुंबईला येणाऱ्या बोटी त्याच्याकडे पाहून वाट ठरवतात.

एक काम तुम्हाला देतो. तुमच्या घरात सत्तरीच्या पुढची कुणी आजी, आत्या, काकी असेल, तर तिला विचारा, "तू पहिल्यांदा मुंबई कधी पाहिलीस? कशाने गेलीस? काय पाहिलंस?" आणि जे सांगेल ते वहीत लिहून ठेवा. गटाच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिलं तरी चालेल. आमच्या वहीत पहिलं पान आजींचं आहे. त्यांच्या वडिलांचं नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि तारीख लिहिली, १७ जुलै १९४७. लिहून झाल्यावर आजींनी त्याखाली स्वतःची सही केली. साक्षरता वर्गात शिकलेली, जरा वाकडी, पण पूर्ण नावाची.